छोट्या खोक्यांच्या थापा

छोटा स्पीकर थापाड्या असतो. ही नालस्ती नाही, तो त्याचा धंदाच आहे. दीड वीत उंचीच्या खोक्यातून तंबोऱ्याचा झंकार, डग्ग्याचा घुमारा आणि पियानोची डावीकडची शेवटची पट्टी असं सगळं बाहेर काढायचं म्हटल्यावर कुठेतरी हातचलाखी आलीच. शेल्फवर मावतील अशा दोन जोड्या शेजारी-शेजारी मांडून ऐकायला बसलं की वाटतं, आता सोक्षमोक्ष लागेल, खरा कोण ते कळेल. ते काही कळत नाही. कुणाची थाप आपल्याला पचते, एवढं मात्र कळतं.

सध्या माझ्याकडे अशा दोन जोड्या आहेत. एक माझी, नवी, काळी, बिनचेहऱ्याची. दुसरी मित्राची. तो घर बदलतोय, तेव्हा सामान हलेपर्यंत 'तुझ्याकडे राहू दे, वाजव निवांत' म्हणून ठेवून गेला. तिच्यावर अक्रोडी वेनिअर आहे, समोर कापडी जाळी आहे आणि कडांवरून हात फिरवावासा वाटतो. जाळी मी काढून ठेवली. मुलीने ती परत लावली.

अडचण मुळात हवेची आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली न्यायचा, तर वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या भागाच्या, पडद्याला चौपट हलावं लागतं. 80 हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला 80 कंपनांना) जो एक मिलिमीटर हलतो, त्याला 40 ला चार आणि 20 ला सोळा मिलिमीटर हलायला सांगायचं! पाच इंची वूफर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. म्हणूनच एके काळी घरात बास हवा तर कपाटाएवढं खोकं आणावं लागे. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या ॲकॉस्टिक रिसर्च या कंपनीने एआर-1 हा स्पीकर आणला. त्याचं खोकं त्यांनी सगळीकडून बंद करून टाकलं होतं. आत कोंडलेली हवाच पडद्याची स्प्रिंग झाली आणि एका माणसाला उचलता येईल अशा खोक्यातून खोल खर्ज यायला लागला. पुढे एआर-3 घेऊन या कंपनीने जाहीर मैफली केल्या. फाइन आर्ट्स क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीचे वादक मंचावर वाजवत, मध्येच गज तारांवर न टेकवता नुसता फिरवत राहत आणि ध्वनिमुद्रण पुढचं सांभाळे. सांधा कुठे पडला ते श्रोत्यांना सहसा सांगता येत नसे. थाप मारावी तर अशी, भर मंचावर.

पण चैन फुकट नव्हती. हे स्पीकर ॲम्प्लिफायरचा घाम काढायचे. व्हिल्चर यांचे भागीदार हेन्री क्लॉस तिथून बाहेर पडले आणि 1957 मध्ये आणखी दोघांबरोबर त्यांनी केएलएच ही कंपनी काढली. त्यातला 'एच' म्हणजे हॉफमन, एका नामवंत पियानोवादकाचा मुलगा. 'हॉफमनचा लोखंडी नियम' म्हणून जो सांगतात तो याच गृहस्थांचा. लहान खोकं, खोल बास आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी मिळतात, तिसरीवर पाणी सोडावं लागतं. माहितीपत्रकांमधली निम्मी बढाई या एका वाक्याने उघडी पडते. एका स्पीकरची संवेदनशीलता (ठराविक वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो ती) 87 डेसिबल आणि दुसऱ्याची 83, एवढ्यावरून कुणाला डावं-उजवं ठरवू नये. 83 वाल्याने बहुधा खोल उतरण्यासाठी मोठ्या आवाजावर पाणी सोडलेलं असतं. त्याला बरोबरीने वाजवायला अडीचपट वॉट लागतील, इतकंच.

आणि एवढं करूनही जो खड्डा राहतो तो आपला मेंदू भरतो. डबल बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की 41 हर्ट्झचा सूर निघतो. छोट्या स्पीकरमधून तो जेमतेम येतो, किंवा येतच नाही. येतात ते त्याचे उपस्वर, 82, 123, 164. या वरच्या पायऱ्या ऐकून मेंदू खालची गायब पायरी स्वतःच धरून चालतो. काही स्पीकर बनवणारे त्याला मदतीचा हात देतात आणि 100 हर्ट्झच्या आसपास किंचित फुगवटा ठेवतात. ऐकणारा म्हणतो, 'एवढुसा आहे, पण बास बघा!'

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे बीबीसीचा एलएस 3/5ए. 1970 च्या दशकात बीबीसीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसेल असा मॉनिटर, म्हणजे कार्यक्रम तपासून ऐकायचा स्पीकर, हवा होता. तिथे मोठ्या स्पीकरला जागाच नव्हती. अभियंत्यांनी केईएफ या कंपनीचे वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर काढणारा भाग) घेतले, साधारण 30 सेंटीमीटर उंचीचं पातळ प्लायवुडचं खोकं बांधलं आणि सगळा जीव माणसाच्या आवाजात ओतला. खोल बास सोडला, मोठा आवाजही सोडला (संवेदनशीलता जेमतेम 83 डेसिबल), आणि वरच्या बासला हलकी फुगवटी राहू दिली. बोलणारा मात्र समोर बसलाय असं वाटलं पाहिजे. व्हॅनमधून तो दिवाणखान्यात कधी शिरला ते कळलंही नाही, आणि त्याच्या आवृत्त्या अजून निघताहेत.

यामाहाच्या एनएस-10 चा प्रवास नेमका उलटा. 1978 मध्ये तो घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आला आणि घरच्यांनी नाक मुरडलं. बास तुटपुंजा, मधला पट्टा अंगावर येणारा, ट्वीटर टोचरा. स्टुडिओवाल्यांनी मात्र त्याला उचलून मिक्सिंग कन्सोलवर बसवलं. टोचणी कमी करायला काहींनी ट्वीटरवर चक्क टिश्यू पेपर चिकटवला. गाण्यातली खोट हा स्पीकर लपवत नाही, तेव्हा याच्यावर बरं वाजलं ते कुठेही बरं वाजेल, असा त्यामागचा हिशेब. जुन्या स्टुडिओंच्या छायाचित्रांत पांढऱ्या पडद्याचा वूफर दिसला तर बहुतेक वेळा तो हाच. 2008 मध्ये त्याच्यासाठी यामाहाला टेक्निकल ग्रॅमी मिळालं, पण तोवर त्याचं उत्पादन थांबूनही काही वर्षं झाली होती, कारण पडद्याला लागणारा कागदाचा लगदाच मिळेनासा झाला होता. मला कुणी हा स्पीकर देऊ केला तर मी हात जोडेन. दिवसभर चुका काढणाऱ्या साहेबाला संध्याकाळी घरी कोण बोलावतं?

तर माझ्याकडचे दोन थापाडे. मी दोन्हींवर एकच मैफल लावतो. पुरुष गायक, मागे तंबोरे, साथीला तबला. काळ्या जोडीत गळ्याच्या कडा स्वच्छ कळतात. 'स' म्हणताना दातांतून सुटलेली हवा, तान संपल्यावर घाईने घेतलेला श्वास, चाटीवर बोट पडून उमटलेला कडक 'ना', सगळं निवडून, पाखडून समोर ठेवलेलं. डग्गा मात्र बिचारा 'ठप्' करून मोकळा होतो. वादक मनगट सरकवतो, गाज वर चढायला लागते आणि मधेच पुसली जाते. अक्रोडी जोडीत तीच गाज सबंध येते, खरं तर जरा जास्तच येते. 100 हर्ट्झचा तो फुगवटा इथे मुक्कामाला आहे. तंबोरे खोलीभर पसरतात, गायक दोन पावलं मागे सरकून बसतो. पण त्याचा श्वास कुठे गेला? शोधून सापडत नाही.

पहिल्या फेरीत काळी जोडी जिंकते. तसं होतंच, कारण आजवर न ऐकलेला बारकावा कानावर पडला की माणूस हरखून जातो. तासाभराने मात्र हात आपोआप आवाज कमी करायला जातो. दुकानात हा तास कुणी देत नाही, आणि पुष्कळसे स्पीकर फक्त पहिल्या दहा मिनिटांसाठी घडवलेले असतात असा मला दाट संशय आहे. परीक्षणं लिहिणाऱ्यांचा 'मखमली' आणि 'रेशमी' कापडाचा ठेलाही त्याच दहा मिनिटांत उघडतो.

एक कंटाळवाणं काम आधी उरकावं लागतं, नाहीतर बाकीची मेहनत वाया. दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा. एखाद्या डेसिबलचा फरक आपल्याला 'हा मोठा वाजतोय' असा कळतच नाही. तो 'मोकळा', 'जिवंत', 'भरलेला' अशा शब्दांत कळतो. मी फोन खुर्चीच्या पाठीवर कानाच्या उंचीला टेकवला, त्यावर डेसिबल मोजणारं ॲप सुरू केलं, चाचणीचा एकसुरी 'शूऽऽ' लावला आणि ॲम्प्लिफायरच्या नॉबभोवती चिकटपट्टी लावून पेन्सिलीने दोन खुणा केल्या, एक काळीची, एक अक्रोडीची. मग समोर पातळ सुती कापड टांगलं. ॲम्प्लिफायरला दोन जोड्या एकदम जोडता येतात, त्यामुळे तारा उपसायची भानगड नव्हती. बटण दाबायचं काम मुलीकडे दिलं.

पडद्याआडची एक जोडी सारखी सरस वाटायला लागली. ऐसपैस, निवांत. मी वहीत तिच्या खात्यावर गुण टाकत होतो. पाणी प्यायला उठलो तेव्हा नॉब दिसला, खुणेच्या चांगला पुढे.

"अगं, हे काय?"

"बाबा, ती जोडी जरा हळू वाजत होती. बरं नाही वाटलं मला."

कुठली जोडी, हे विचारायची गरजच नव्हती.

तिला तरी काय बोलणार? फ्लॉइड टूल या संशोधकाने आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत वर्षानुवर्षं असेच पडदे लावून लोकांना स्पीकर ऐकवले. 1994 मध्ये त्यांनी शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकणारे 40 जण हार्मनमधलेच. स्पीकर डोळ्यांसमोर होते तेव्हा लहानशा, स्वस्त प्लॅस्टिकच्या संचाला त्यांनी धडाधड खाली ढकललं. पडदा लागला आणि त्याच संचाची पत बरीच सुधारली. हे आपल्याला ऐकून साधारण ठाऊक असतं. मला त्यातला दुसरा भाग जास्त चटका लावून गेला. पडद्याआड स्पीकरची जागा बदलली की श्रोत्यांचे गुण बदलत. स्पीकर दिसत असताना जागा बदलली, तर गुण जवळपास होते तिथेच राहत. एकदा चेहरा दिसला की कान पुढची चौकशीच करेनात.

आणि जागेचा फरक काही लहानसहान नसतो. खोली 4 मीटर लांब असेल तर समोरासमोरच्या भिंती 43 हर्ट्झच्या आसपासचा सूर उचलून धरतात. खोलीच्या मधोमध बसलात तर तो सूर बेपत्ता, भिंतीला पाठ टेकून बसलात तर छातीवर बसतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवला की बास वाढतो, कोपऱ्यात नेला तर आणखी. माझी काळी जोडी स्टँडवरून काढून भिंतीलगतच्या शेल्फवर ठेवली आणि डग्ग्याची हरवलेली गाज बऱ्यापैकी परत आली. अक्रोडी तिथे नेली तर गुरगुरायला लागली. तिच्या मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवेच्या भोकात, फोमचा बोळा सारला, तशी गुरगुर शमली आणि ती थोडी काळीसारखीच वाजायला लागली! वहीतल्या गुणांपैकी निम्मे भिंतीच्या नावावर करावे लागले.

उंचीचंही तसंच. वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा साधारण 2 ते 3 किलोहर्ट्झला असतो, आणि आपला कान सर्वांत तिखट असतो तो त्याच भागात. ट्वीटर कानाच्या पातळीला आणून ऐका आणि मग गाणं चालू असतानाच उठून उभे राहा. कित्येक स्पीकरांत गळ्याचा मधला भाग पोकळ झाल्यासारखा ऐकू येतो, कारण वूफर आणि ट्वीटर यांचा मेळ त्या कोनातून बसत नाही. उभ्याउभ्या ऐकून स्पीकर निवडणाऱ्यांना मी लांबूनच नमस्कार करतो.

रात्री सगळा निकाल पुन्हा फिरतो. हळू आवाजात आपल्याला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच त्याचे आलेख काढून ठेवलेत. त्यामुळे घर झोपल्यावर नॉब खाली आणला की काळी जोडी किडकिडीत होते आणि अक्रोडीचा तो फुगवटा अगदी हवा तेवढाच वाटतो. दुपारी जी थाप खटकली होती, तिच्याशी रात्री छान जमतं.

तरी मी काळी जोडीच ठेवणार आहे, स्टँडवर, भिंतीपासून वीतभर पुढे. अर्धवट राहिलेला डग्गा मी मनातल्या मनात पुरा करतो, इतकी वर्षं गाणं ऐकल्यावर तेवढं जमतं. गायकाचा श्वास मात्र स्पीकरने दिला नाही तर तो मला कुठूनही आणता येत नाही. मुलीला हे अजिबात पटलेलं नाही. तिचं म्हणणं, स्पीकर वाजतात तासभर आणि दिसतात दिवसभर. मित्राचं सामान आता लागलंय आणि त्याचे फोन सुरू झालेत. ते तीच उचलते आणि सांगते, "काका, बाबांचं अजून ऐकून झालेलं नाही."