आधी स्टेडियम, मग लीग: डेट्रॉईट सिटी एफसी कशी उभी राहिली

अमेरिकेतल्या खालच्या श्रेणीच्या फुटबॉल क्लबचा इतिहास वाचताना आपल्याकडचे लोक हमखास एका ठिकाणी अडतात. "एवढे सामने जिंकले, मग वरच्या लीगमध्ये का नाही गेले?" कारण इथे सामने जिंकून कुणी वर जात नाही. इंग्लंडमध्ये वरचे संघ बढती घेतात आणि तळाचे खाली उतरतात. अमेरिकेची सर्वोच्च लीग, मेजर लीग सॉकर ऊर्फ एमएलएस, मात्र बंद दाराची आहे. तिथे जागा विकत घ्यावी लागते. २०१७ मध्ये तिचे नवे संघ निवडले जात होते तेव्हा प्रवेशशुल्क १५ कोटी डॉलर होतं.

एमएलएसच्या खाली कोण कुठे खेळणार हे गुणतक्ता ठरवत नाही. अमेरिकी फुटबॉल महासंघाचे व्यावसायिक लीगसाठीचे निकष आहेत, त्यावर ते ठरतं. तिसऱ्या श्रेणीत खेळायचं तर किमान १,००० प्रेक्षक बसतील असं मैदान हवं, दुसऱ्या श्रेणीला ५,००० आणि पहिल्या श्रेणीला १५,०००. मुख्य मालकाचा वाटा किमान ३५ टक्के असायला हवा आणि त्याची स्वतःची मालमत्ता तिसऱ्या श्रेणीसाठी १ कोटी डॉलर, दुसऱ्यासाठी २ कोटी, पहिल्यासाठी ४ कोटी. खेळाचं मैदान ११० यार्ड लांब आणि ७० यार्ड रुंद, त्याहून लहान चालत नाही. डेट्रॉईट सिटी एफसी या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहराच्या क्लबने गेल्या दशकभरात काय केलं आणि त्याच क्रमाने का केलं, हे या आकड्यांवरून नीट उलगडतं.

क्लबची मुळं २०१० मध्ये सुरू झालेल्या एका हौशी लीगमध्ये आहेत. शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांचे संघ करून शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकत्र खेळवायचं, एवढाच तिचा हेतू. त्यातूनच शॉन मॅन आणि त्यांच्या चार मित्रांनी २०१२ मध्ये क्लब काढला. काळ कोणता, तर शहराची तिजोरी रिकामी होत होती. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉईटने दिवाळखोरी जाहीर केली. श्रीमंत मालक शोधावा आणि त्याच्या पैशावर संघ उभा करावा, असं वातावरणच नव्हतं. गडद लाल आणि सोनेरी रंग घेतले, बोधचिन्हात शहराचा प्रसिद्ध 'स्पिरिट ऑफ डेट्रॉईट' पुतळा घेतला आणि चाहत्यांनी संघाला 'ल रूज', फ्रेंचमध्ये 'लाल', म्हणायला सुरुवात केली. डेट्रॉईट मुळात फ्रेंचांनी वसवलेलं शहर, त्यामुळे हे नाव तिथे उपरं वाटत नाही.

पहिली लीग होती एनपीएसएल, म्हणजे चौथ्या पायरीवरची हौशी लीग. तिचं गणित समजून घेण्यासारखं आहे. खेळाडू बहुतेक कॉलेजचे. त्यांना पगार दिला तर कॉलेज संघाकडून खेळण्याची त्यांची पात्रता जाते, म्हणून पगार नाही. हंगाम मे ते जुलै, कारण ऑगस्टमध्ये मुलं कॉलेजच्या संघांकडे परततात. त्यामुळे घरच्या मैदानावर मोजके सहा-सात सामने. वर्षभराचं भाडं, प्रवास, विमा, पंच, कपडे हे सगळं या सहा-सात संध्याकाळच्या तिकिटांतून आणि टी-शर्ट-मफलरच्या विक्रीतून काढायचं. दोन सामने पावसात वाहून गेले की वर्षाचा ताळेबंद कोलमडतो. अशा लीगमधले क्लब दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळतात ते बहुतेकदा यामुळेच.

डेट्रॉईट सिटी तगली ती गर्दीमुळे. सामने होत कॅस टेक या शहराच्या मध्यातल्या सरकारी हायस्कूलच्या मैदानावर. तिथे 'नॉर्दर्न गार्ड' नावाचा समर्थकांचा गट तयार झाला. ढोल, लाल-सोनेरी धूर, कवटीचे मुखवटे आणि नव्वद मिनिटं न थांबणाऱ्या घोषणा. त्यातल्या अनेक घोषणा घरात म्हणता येण्यासारख्या नाहीत, पण आवाज असा की फुटबॉलशी देणंघेणं नसलेला माणूसही पुन्हा येतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने पाहिलेल्यांना ही गर्दी लगेच ओळखीची वाटेल. तीन-चार हंगामांतच कॅस टेकची बाकं कमी पडू लागली. लोक येत होते आणि बसायला जागा नव्हती.

इथून पुढे क्लबने जे केलं ते माझ्या मते त्यांच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे, कुठल्याही करंडकापेक्षा मोठं. लीग बदलायच्या आधी त्यांनी स्टेडियम बदललं.

हॅमट्रॅमिक हे जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं स्वतंत्र शहर, जवळजवळ सगळीकडून डेट्रॉईटने वेढलेलं. तिथे कीवर्थ स्टेडियम होतं. महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी केंद्र सरकारने काढलेल्या योजनेतून ते बांधलं गेलं आणि ऑक्टोबर १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट त्याच्या उद्घाटनाला स्वतः आले होते. मालकी हॅमट्रॅमिकच्या शाळा मंडळाची. शाळा मंडळाकडे डागडुजीला पैसे नव्हते आणि ऐंशी वर्षांचं काँक्रीट खराब होत चाललं होतं. मिशिगनच्या हिवाळ्यात काँक्रीटचा घात पाणी करतं. भेगेत शिरलेलं पाणी गोठलं की आकाराने सुमारे ९ टक्के फुगतं आणि भेग रुंदावतं. दिवसा वितळतं, रात्री पुन्हा गोठतं, भेग आणखी आत जाते. एका हिवाळ्यात हे चक्र कितीतरी वेळा फिरतं. पाणी आतल्या सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंज फुगतो आणि वरच्या थराचे टवके उडायला लागतात.

बँकेकडे गेलं तर हौशी क्लबला दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर कर्ज कोण देणार? तारण काय ठेवणार? तेव्हा उपयोगी पडला मिशिगनचा २०१३ चा एक कायदा. त्यानुसार राज्यातली कंपनी राज्यातल्याच सामान्य रहिवाशांकडून थेट गुंतवणूक घेऊ शकते. एरवी असे व्यवहार धनाढ्य गुंतवणूकदारांपुरते असत. क्लबने किमान रक्कम ठेवली २५० डॉलर. ही देणगी नव्हती. क्लबच्या उत्पन्नातून ठरलेला हिस्सा देऊन पैसे नफ्यासह परत करायचे होते. २०१५ च्या शरद ऋतूत सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत ५२७ जणांकडून ७,४१,२५० डॉलर जमले. ते गेले स्टँडच्या काँक्रीटची मजबुती, बाकं, स्वच्छतागृहं, कपडे बदलण्याच्या खोल्या आणि दिवे यांवर. यात डोळ्यांत भरणारं काही नाही, पण यातलं एकही काम राहिलं तर प्रेक्षकांना आत घेता येत नाही.

वेळापत्रक अंगावर येणारं होतं. पैसे हिवाळ्याच्या अखेरीला हाती आले आणि पहिला सामना होता २० मे २०१६ ला. तापमान ५ अंशांच्या खाली असताना ओतलेलं काँक्रीट फार हळू ताकद धरतं. मिशिगनमध्ये मार्च कसा जातो हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की कामाचे खरे आठवडे किती थोडे असतील. तरी सामना ठरल्या तारखेला झाला आणि सात हजारांहून जास्त लोक आले. कीवर्थची क्षमता ७,९३३. आता पुन्हा वरचे निकष पाहा. दुसऱ्या श्रेणीला ५,००० लागतात. क्लब अजून हौशी लीगमध्येच होता, पण स्टेडियम दुसऱ्या श्रेणीचं झालं होतं.

त्याच वसंतात आणखी एक बातमी आली. डेट्रॉईट पिस्टन्स या बास्केटबॉल संघाचे मालक टॉम गोर्स आणि उद्योगपती डॅन गिल्बर्ट यांनी डेट्रॉईटला एमएलएसचा संघ आणायची बोली लावली. शहराच्या मध्यात अर्धवट बांधून सोडलेल्या तुरुंगाच्या जागी नवं स्टेडियम, असा मूळ बेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो सोडून सामने फोर्ड फील्ड या अमेरिकन फुटबॉलच्या छपरी स्टेडियममध्ये खेळवायचं ठरलं. पुढच्या जागा नॅशव्हिल आणि सिनसिनाटीला गेल्या, डेट्रॉईटची बोली विरली. बोली यशस्वी झाली असती तर पंधरा कोटी डॉलर ओतणारा शेजारी समोर उभा राहिला असता आणि २५०-२५० डॉलरवर उभ्या राहिलेल्या क्लबला तग धरणं अवघड गेलं असतं. मे २०१८ मध्ये जर्मनीचा सेंट पाउली हा क्लब कीवर्थवर मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला तेव्हाही सात हजारांहून जास्त लोक होते. हॅम्बुर्गचा हा क्लब राजकीय भूमिका घेणाऱ्या चाहत्यांसाठी ओळखला जातो, त्यामुळे नॉर्दर्न गार्डसाठी तो जवळचाच पाहुणा होता.

व्यावसायिक व्हायचं पाऊल पडलं २०२० मध्ये, तिसऱ्या श्रेणीच्या निसा लीगमधून. प्रशिक्षक होते ट्रेव्हर जेम्स. आणि नेमकं तेव्हाच कोविडने मैदानं बंद केली. तिकीट हाच मुख्य उत्पन्नाचा मार्ग असलेल्या क्लबसाठी याहून वाईट वेळ नव्हती. आता पगार सुरू झाले होते, प्रेक्षक मात्र नाहीत. क्लबने पुन्हा चाहत्यांकडेच धाव घेतली, पण वेगळ्या पद्धतीने. २०१६ मध्ये उत्पन्नातला हिस्सा दिला होता, २०२० मध्ये क्लबच्या मालकीतला १० टक्के हिस्सा विकायला काढला. २,७०० हून अधिक लोकांनी १० लाख डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली. अनेक जण याला 'चाहत्यांच्या मालकीचा क्लब' म्हणतात, ते जरा सैलपणे. जर्मनीत बहुसंख्य मतं सभासदांकडे ठेवायचा नियम आहे. इथे ९० टक्के हिस्सा ज्यांच्या हातात, निर्णय त्यांचेच. पण जो पैसा लावतो तो हंगामी पासही सोडत नाही, आणि क्लबला खरा आधार त्याचाच होतो.

निसाची विजेतेपदं संघाने मिळवली, पण लीग स्वतःच डळमळीत होती. संघ यायचे, हंगामाच्या मध्यात अडखळायचे, जायचे. स्पर्धेतले संघच टिकत नसतील तर वेळापत्रक, प्रायोजक, प्रक्षेपण काहीच जुळत नाही. २०२१ च्या शेवटी क्लबने दुसऱ्या श्रेणीच्या यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये जायचं जाहीर केलं. चाहत्यांमध्ये यावर वाद झाले, कारण यूएसएल ही प्रवेशशुल्क घेऊन संघ देणारी लीग आणि अशा पद्धतीविरुद्ध घोषणा देतच ते वाढले होते. निर्णय योग्य होता असं मला वाटतं. यूएसएलच्या २०२२ च्या हंगामात प्रत्येक संघाचे ३४ सामने, म्हणजे घरच्या मैदानावर १७. सहा-सात संध्याकाळींवर वर्ष काढणाऱ्या क्लबसाठी हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. निसाला पुढे २०२५ साठी तिसऱ्या श्रेणीची मान्यताही मिळाली नाही.

मैदानावरचा सगळ्यांत मोठा दिवस १९ एप्रिल २०२२ चा. १९१४ पासून चालत आलेल्या यूएस ओपन कपमध्ये सगळ्या श्रेणींचे संघ एकमेकांसमोर येतात. बंद दारांच्या या देशात लहान संघाला मोठ्याशी भिडायची हीच एक जागा. त्या रात्री कीवर्थवर डेट्रॉईट सिटीने कोलंबस क्रूला २-१ ने हरवलं. क्रू २०२० चे एमएलएस विजेते. पुढच्या वर्षी यूएसएलच्या बाद फेरीत आठव्या मानांकनावरून त्यांनी अव्वल पिट्सबर्ग रिव्हरहाउंड्सला त्यांच्याच घरी १-० ने बाहेर काढलं. महिलांचा संघही २०२० मध्येच जाहीर झाला होता आणि २०२२ पासून तो यूएसएल डब्ल्यू लीगमध्ये खेळतो.

आता पुढची पायरी. २०२४ मध्ये क्लबने कॉर्कटाउन भागात, २००६ पासून ओस पडलेल्या साउथवेस्ट डेट्रॉईट हॉस्पिटलची जागा घेतली. तिथल्या नव्या स्टेडियमचं नाव अ‍ॅलुम्निफाय फील्ड, ते २०२७ मध्ये उघडायचं नियोजन आहे आणि क्षमता सुमारे १५,०००. पहिल्या श्रेणीची किमान अटही तीच. २०२५ मध्ये यूएसएलने स्वतःची पहिल्या श्रेणीची लीग काढायचं जाहीर केलं आणि यूएसएलमधल्या संघमालकांनी बढती-घसरणीच्या बाजूने मत दिलं. हे प्रत्यक्षात आलं तर अमेरिकेत प्रथमच व्यावसायिक संघ गुणांवर वर-खाली होतील, आणि तेव्हा स्टेडियम नाही म्हणून अडायची वेळ डेट्रॉईट सिटीवर येणार नाही.

ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी बरीच मराठी कुटुंबं राहतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे आई-बाबा येतात. त्यांना कीवर्थवर न्यायचं असेल तर काही गोष्टी सांगून ठेवतो. हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, पण मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी थंड बाकांवर दोन तास बसणं वयस्कांना झेपत नाही. जून ते ऑगस्ट बरा, आणि तेव्हाही बसायला पातळ उशी न्यावी. लहान मुलं किंवा दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर नॉर्दर्न गार्डच्या समोरच्या स्टँडची तिकिटं काढा. धूर तिथे कमी येतो, शब्द नीट ऐकू येत नाहीत आणि तो सगळा देखावा मात्र समोरून पूर्ण दिसतो. गाडी आसपासच्या घरांच्या गल्ल्यांमध्येच लावावी लागते, त्यामुळे निदान तासभर आधी पोचावं आणि पार्किंगच्या पाट्या वाचूनच गाडी लावावी. सामना संपल्यावर कोनंट रस्त्यावर जा. तिथे बांगलादेशी हॉटेलांची रांग आहे, भात-डाळ-भाजी मिळते, त्यामुळे शाकाहारी माणसाचीही अडचण होत नाही.