छोट्या टॉर्चच्या बुडाला चुंबक बसवताना

गाडीच्या बॉनेटखाली वाकून काम करताना टॉर्च दातांत धरावी लागली की लाळ गळते, प्रकाश नको तिथे पडतो आणि मध्येच कोणी काही विचारले तर उत्तरही देता येत नाही. दोन्ही हात मोकळे राहावेत, म्हणून माझ्या डबल-ए सेलवर चालणाऱ्या छोट्या टॉर्चच्या मागच्या टोपणात चुंबक बसवायचे मी ठरवले. अर्ध्या तासाचे काम असा माझा अंदाज होता; प्रत्यक्षात ते तीन प्रयत्नांनंतर मार्गी लागले.

माझ्या टॉर्चची कळ बाजूला आहे. ज्या टॉर्चची कळ मागच्या टोकालाच असते, तिथे हा खटाटोप करायला जागाच उरत नाही. माझ्या टोपणाच्या तळाला बाहेरून एक गोल खोबण होती, साडेबारा मिलिमीटर व्यासाची आणि तीन मिलिमीटरांहून किंचित जास्त खोल. त्या मापाने मी १२ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची निओडिमियम चकती आणली. या जातीची चुंबके १९८०च्या दशकात प्रचारात आली आणि इतक्या लहान आकारात इतकी ओढ देणारे दुसरे चुंबक सहज मिळत नाही. चकतीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅम असल्यामुळे टॉर्च जड होण्याचीही भीती नव्हती.

खोबण बाहेर तयार असतानाही पहिल्या प्रयत्नात मी चकती टोपणाच्या आत, स्प्रिंगखाली ठेवली. गोंद लागणार नाही आणि चुंबक दिसणारही नाही, असा मोह मला पडला होता. टोपण अॅल्युमिनियमचे असल्याने ते चुंबकाला अडवत नाही, हे खरे. पण अंतर मात्र अडवते, आणि ते मी मोजलेच नव्हते. मधली भिंत दीड मिलिमीटरची आणि तिच्यापलीकडची खोबण तीन मिलिमीटरची, म्हणजे चुंबक आणि पत्रा यांच्यात साडेचार मिलिमीटरांहून जास्त पोकळी राहिली. चुंबकाची ओढ अंतरासोबत फार झपाट्याने घटते. माझी टॉर्च लोखंडी कपाटाला टेकवली की क्षणभर रेंगाळून खाली येई. शिवाय चकतीने आतली तीन मिलिमीटर जागा खाल्ल्यामुळे स्प्रिंग पुरती दबली, टोपणाचे आटे शेवटपर्यंत बसेनात आणि पाणी अडवणारी ओ-रिंग उघडी पडली. स्प्रिंगचा एक वेढा कापून पाहावा, असेही मनात आले होते. पण निओडिमियम चुंबक ठिसूळ असते. ते स्प्रिंगखाली तडकले आणि त्याचा तुकडा सेलपाशी भलत्या ठिकाणी अडकला तर शॉर्ट सर्किट व्हायचे. वीज चुंबकातून वाहू देण्याचा विचार मी तिथेच सोडला.

दुसऱ्या वेळी चकती बाहेरच्या खोबणीत झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बसवली. चार दिवस सगळे उत्तम चालले. पाचव्या दिवशी मी टॉर्च पत्र्यावरून ओढली, तेव्हा टॉर्च हातात आली आणि चकती पत्र्यावरच राहिली. दोष बराचसा माझाच होता. चकतीवरचा निकेलचा मुलामा गुळगुळीत, टोपणावरचा अॅनोडाइझचा थरही गुळगुळीत, आणि असा गोंद सुकल्यावर कडक व ठिसूळ होतो. टॉर्च दर वेळी एका कडेने उचकटली जाते, तेव्हा सगळा ताण त्या कडेवर येतो आणि गोंद तिथून सुटत जातो.

तिसऱ्या वेळी मी घाई केली नाही. चकतीची एक बाजू आणि खोबणीचा तळ पॉलिश पेपरने खरखरीत केला, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि दोन भागांचे, सावकाश सुकणारे इपॉक्सी कालवून लावले. मग टोपण हलू नये म्हणून मोठ्या शहाणपणाने ते व्हाइसमध्ये धरायला गेलो. व्हाइसचे जबडे पोलादाचे. चकती ओल्या इपॉक्सीसकट टुणकन उडून जबड्याला चिकटली! सगळे पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली. या फजितीतूनच उपाय सुचला. स्प्रिंग काढून टोपणाच्या आत दुसरी एक चकती ठेवली, म्हणजे मधल्या अॅल्युमिनियममधून तिने बाहेरच्या चकतीला तळाशी घट्ट ओढून धरले. टोपण लाकडी फळीवर, लोखंडापासून दूर, चोवीस तास ठेवले. सुकल्यावर चकती टोपणाच्या कडेशी अगदी समपातळीत बसली होती.

तोपर्यंत स्प्रिंग वेगळी झालीच होती, म्हणून तिला नवे डाख देऊन घ्यावे, असे वाटले; पण हात आवरला. साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा सुमारे ८० अंश सेल्सिअस असते, आणि कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो. चुंबक बसवलेल्या टोपणावर डाखणी चालवली असती तर चकतीची ओढ कायमची कमी झाली असती. टॉर्च तापते ती मुख्यतः पुढच्या टोकाला, त्यामुळे रोजच्या वापरात बुडाकडच्या चकतीला तेवढी धग लागत नाही.

पिशवी तोलायच्या काट्याने मोजले तेव्हा जाड पोलादी पट्टीवरून टॉर्च सरळ बाहेर ओढायला सुमारे १,४०० ग्रॅम इतका जोर लागला, पण पट्टीवर खाली सरकवायला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पुरला. उभ्या पृष्ठभागावर टॉर्चला चुंबकाची ओढ थेट सावरत नाही. ती ओढ आणि घर्षण मिळून सावरतात, आणि निकेल फार निसरडे असते. रंगवलेल्या पातळ पत्र्यावर तर ओढच कमी मिळते, कारण पातळ पत्रा चुंबकाचे सगळे क्षेत्र सामावून घेऊ शकत नाही. परिणाम असा, की टॉर्च एरवी जागेवर राही, पण मी बाजूची कळ दाबली की बोटाच्या जोराने घसरत जाई. यावर सायकलच्या ट्यूबची चकती लावून पाहिली, पण तिच्या जाडीनेच ओढ निम्म्याहून खाली आली. शेवटी नायट्राइलच्या हातमोज्यातून कापलेली पातळ चकती कडेसकट सगळ्या बुडावर चिकटवली. तिने ओढ किंचितच घटली आणि घसरणे थांबले. रंगावर ओरखडे उठत नाहीत आणि चुंबकाची कड टवकत नाही, हा लाभ आगंतुक.

स्टेनलेस स्टीलचा मात्र नेम नाही. ३०४ प्रतीचे स्टील चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, ४३० प्रतीचे देते, आणि दिसायला दोन्ही सारखीच. अनोळखी दारावर टॉर्च सोडण्याआधी मी आता खाली हात धरतो. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाला ती वापरायला देत नाही आणि छातीच्या खिशात ठेवण्याची सवयही मी मोडली आहे. कानस चालवलेल्या टेबलावर ठेवली तर लोखंडाचा कीस बुडाला दाढीसारखा चिकटतो. तो पुसून निघत नाही, चिकटपट्टी दाबून उचलावा लागतो.