आत्या आणि त्रिरश्मीची लेणी

आमची आत्या गेल्या महिन्यात गेली. अविवाहित राहण्याचा निर्णय तिने विचारपूर्वक घेतला होता आणि शिक्षिकेच्या पगारातून पंचवटीत घेतलेल्या लहानशा घरात ती अखेरपर्यंत स्वतःच्या मर्जीने राहिली. सतार, विणकाम, १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयातील पुस्तके, पावसाळ्यात अंजनेरीवर कंदीलपुष्पाचा शोध, असे तिचे छंद अनेक होते. पण खरा जीव गुंतला होता तो नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांत. निवृत्तीनंतर ती ब्राह्मी लिपी शिकली आणि तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आम्हा भाचरांना, दगडाला बोट न लावता, ओळीने वाचून दाखवू लागली. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातील त्या लेखात ही राजमाता आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे पराक्रम वर्णिते आणि भिक्षुसंघाला लेणे दान करते. सातवाहनांच्या इतिहासाचा इतका मोठा आधार एका वृद्ध स्त्रीच्या नावाने कोरलेला आहे, हे सांगताना आत्याचा आवाज चढत असे, आणि तिचा तो अभिमान मला आजही रास्त वाटतो. पायऱ्या चढताना कोणी हात पुढे केला, तर ती तो नम्रपणे नाकारी. तिच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. त्यांतील ब्राह्मी अक्षरांचा तक्ता माझ्या मुलीने गिरवायला घेतला आहे.