तहानलेली खडी

तोडलेल्या काँक्रीटची खडी वापरून सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट बनवायचं होतं. ही खडी ताकदीला कमी पडेल, या भीतीने मी सुरुवात केली. प्रत्यक्षात छळलं ते पाण्याने.

पहिल्या बॅचमध्ये निम्मी जाड खडी जुन्या काँक्रीटची घेतली. मिक्सरमधून काढल्या काढल्या स्लम्प फ्लो, म्हणजे प्लेटवर माल पसरल्याचा व्यास, ६९० मिमी. खूश झालो. अर्ध्या तासाने तोच माल ५४० वर. पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन, सुपरप्लास्टिसायझर, वाढवला, तर पेस्ट पळाली, खडी मधोमध ढीग करून बसली आणि कडेला पाण्याची पातळ रिंग सुटली. सेल्फ-कॉम्पॅक्टिंग काँक्रीट व्हायब्रेटरशिवाय सळ्यांमधून वाहायला हवं. हे तर प्लेटवरच फाटलं होतं.

मग एक खडा हातात घेतला. दगडाला जुन्या मॉर्टरचं कवच चिकटलेलं, नखाने खरवडलं की भुगा पडतो. पाण्यात टाकला तर बारीक बुडबुडे. जलशोषण काढलं: ५.८ टक्के. नेहमीच्या खडीचं ०.९. घनमीटरला अशी ४०० किलो खडी म्हणजे जवळपास २३ लिटर पाणी ती एकटी पिणार! हे आधी मोजायचं सुचू नये, याची अजून लाज वाटते.

रात्रभर भिजवून पाहिली. खड्यांवरचं पाणी मिक्समध्ये गेलं, माल सूप झाला आणि क्यूबची (चाचणीच्या ठोकळ्यांची) ताकद घसरली. शेवटी जमलं ते असं: रोज सकाळी थोडी खडी तव्यावर सुकवून ओलावा काढायचा, शोषणाला जेवढं कमी पडेल तेवढं पाणी खडीसोबत आधी मिक्सरमध्ये घालून दहा मिनिटं थांबायचं. खडी बरंचसं पाणी पहिल्या काही मिनिटांतच पिते. सिमेंट, फ्लाय अ‍ॅश, उरलेलं पाणी आणि सुपरप्लास्टिसायझरचा डोस त्यानंतर. अर्ध्या तासानेही फ्लो ६६०, एल-बॉक्स (सळ्यांमधून माल किती वाहतो याची चाचणी) ०.८६.

२८ दिवसांचे क्यूब ताकदीत साध्या मिक्सच्या जवळ आले. मी लगेच तुळईची स्वप्नं बघू लागलो, पण सरांनी विचारलं, "मॉड्युलस काढलास का?" मॉड्युलस म्हणजे काँक्रीटचा ताठपणा. काढला, तो बराच कमी. म्हणजे त्याच भाराला तुळई जास्त वाकणार. जुन्या मॉर्टरमुळे आकुंचनही वाढतं. निम्म्यावरून ३० टक्क्यांवर आलो आणि वाकण्याचा हिशेब मोजलेल्या मॉड्युलसवर पुन्हा मांडला.

फुटलेला एक क्यूब अजून टेबलावर आहे. भेग दगडाला वळसा घालून जुन्या मॉर्टरमधून गेली आहे.