रिपोर्टमध्ये ठळक काहीच नव्हतं

मंगळवारच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहिलंय : '३५ आठवडे. तीन दिवस उलट्या. तहान जास्त. बीपी, ठोके ठीक.' खाली पित्ताची गोळी, उलटीची गोळी आणि 'भरपूर पाणी प्या'. गुरुवारी पहाटे ती लेबर रूममध्ये आली तेव्हा डोळे पिवळे झाले होते आणि नाव विचारलं तरी उत्तराला वेळ लागत होता.

ग्लुकोमीटरवर साखर ४६. मधुमेह नाही, इन्सुलिन नाही. शेवटच्या तिमाहीत उलट्या, कावीळ आणि अशी घसरलेली साखर एकत्र दिसली की यकृताने काम टाकलंय हेच आधी धरायचं. २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं तशी ती डोळे उघडून बघू लागली.

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने विचारलं, "मॅडम, हेल्प सिंड्रोम असेल का?" प्रश्न रास्त होता. पण हेल्प या गरोदरपणातल्याच दुसऱ्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट बहुधा लाखाच्या खाली जातात, रक्तदाब बऱ्याचदा वाढलेला असतो. हिच्या प्लेटलेट १,४०,००० आणि बीपी १३०/८४. साखर पडणं आणि रक्त न गोठणं हा वेगळ्या आजाराचा चेहरा आहे : गरोदरपणातलं तीव्र फॅटी लिव्हर. सात ते पंधरा हजार प्रसूतींत एखादी बाई. यकृताच्या पेशींत चरबीचे बारीक थेंब भरतात आणि यकृत दिवसांच्या हिशेबात बंद पडतं. १९४० साली शीहान यांनी हा आजार वेगळा ओळखला. त्यानंतरची काही दशकं बहुतेक आया यातून वाचत नसत. आज बहुतेक वाचतात, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे आजार ओळखून प्रसूती लवकर केली जाते.

फिजिशियन सर फोनवर म्हणाले, हेपॅटायटिस ईचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू. गरोदरपणात हेपॅटायटिस ई किती घातक असतो हे मलाही ठाऊक आहे. पण त्यात एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, सहसा हजारांत असतं, हिचं ३८० होतं. शिवाय विषाणूच्या काविळीत बाळ बाहेर काढून यकृत सुधारत नाही. फॅटी लिव्हरमध्ये मात्र प्रसूती हाच उपचार. तो रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. फॅटी लिव्हर ओळखायच्या स्वान्सी निकषांच्या १४ मुद्द्यांपैकी सहा जुळले तरी पुरतात. हिचे उलट्या, तहान, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य), साखर, युरिक अॅसिड, पांढऱ्या पेशी आणि एसजीपीटी असे सात जुळत होते. मी थांबले नाही. ज्येष्ठांचा मान राखण्यासाठी पेशंटला थांबवून ठेवणं मला पटत नाही.

रक्त गोठतंय का, हे प्रयोगशाळेने सांगायला तास लागतो. मी जुनी रीत वापरते : साध्या काचेच्या नळीत पाच मिली रक्त घ्यायचं, नळी मुठीत धरून ऊब द्यायची आणि घड्याळ बघायचं. सात-आठ मिनिटांत गोळा धरायला हवा. बारा मिनिटांनी नळी आडवी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. रक्तपेढीला तेव्हाच फोन केला, कारण क्रायो, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारा गोठवून ठेवलेला रक्तघटक, ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला वीसेक मिनिटं लागतात आणि तो वेळ कुणाच्याही ओळखीने कमी होत नाही. आयएनआर (जितका जास्त तितकं रक्त उशिरा गोठतं) २.३ आणि रक्ताचा गोळा धरणारं प्रथिन, फायब्रिनोजेन, ११८ हे आकडे आले तेव्हा पहिल्या पिशव्या लागलेल्या होत्या. एरवी २०० पुरतं, पण दिवस भरत आलेल्या बाईचं फायब्रिनोजेन चारशेच्या वर असतं, हे लक्षात घेतलं की ११८ची भीती कळते.

गर्भपिशवीचं तोंड बंद आणि बाळाचे ठोके घसरू लागलेले, म्हणून सिझर. रक्त गोठत नसताना पाठीत सुई घालता येत नाही, त्यामुळे पूर्ण भूल. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी एक शब्द न वाढवता तयारी केली. अशी माणसं बरोबर असली की हात स्थिर राहतात. मुलगा, २ किलो १०० ग्रॅम, रडला. वार निघाल्यावर प्रत्येक टाक्यातून रक्त झिरपत होतं. पाऊण तास फक्त दाबून धरणं, बांधणं आणि पिशव्या मोजणं एवढंच चाललं.

ती स्थिरावल्यावर मी मंगळवारची फाइल उघडली. ठळक अक्षरांत दोनच गोष्टी होत्या, हिमोग्लोबिन १०.८ आणि पांढऱ्या पेशी १५,२००. या दोन्ही बहुतेक गरोदर बायांच्या रिपोर्टात ठळक येतात, म्हणून नजरेला त्या ठळकपणाची किंमतच उरलेली नाही. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनीन १.० साध्या अक्षरात, 'सामान्य' रकान्यात. तो रकाना गरोदर नसलेल्यांचा. गरोदरपणात मूत्रपिंडं जास्त रक्त गाळतात आणि क्रिएटिनीन खाली येतं. तिच्याच फाइलमध्ये दोन पानं मागे पाचव्या महिन्यातला रिपोर्ट होता : ०.५. म्हणजे दुप्पट झालेलं. यकृताच्या तपासण्या तर मी सांगितल्याच नव्हत्या.

आणि तहान. वारेतून एक विकर सुटतं, ते लघवी रोखणारं व्हॅसोप्रेसिन मोडतं. निरोगी यकृत त्या विकराचा निचरा करतं. यकृत थकलं की विकर साचतं, लघवी भरमसाट होते आणि तहान भागत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. मंगळवारी ते माझ्यासमोर बसून बोलत होतं आणि मी ते लिहून घेऊन पुढच्या पेशंटला बोलावलं.

प्रयोगशाळेत जाऊन मी विचारलं, गरोदर बायांसाठी वेगळी मर्यादा का छापत नाही? सॉफ्टवेअरमध्ये वय आणि लिंगाचा रकाना आहे, गरोदरपणाचा नाही, असं उत्तर मिळालं. मी लेखी मागणी दिली आहे. तोवर ओपीडीत क्रिएटिनीन ०.८च्या वर दिसलं की पेनाने गोल करायला सांगितलंय, आणि सातव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलटीला यकृताच्या तपासण्या केल्याशिवाय पित्त म्हणायचं नाही.

दोन दिवस साखर पुन्हा पुन्हा पडत राहिली, ठिबक सोडवत नव्हती. आयएनआर चौथ्या दिवशी सुधारला. बिलिरुबिन ९ पर्यंत चढून सहाव्या दिवशी उतरायला लागलं. घरी जाण्याआधी मी तिच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं, मंगळवारसकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "डॉक्टर, मी सांगितलं होतं ना, कितीही प्यायलं तरी पुरत नाही म्हणून."

"हो. तू सांगितलं होतंस."

काही बाळांत चरबी जाळणारं एक विकर जन्मतः नसतं आणि त्याचा भार वारेतून आईच्या यकृतावर पडतो, म्हणून बाळाचं रक्त तपासायला दिलंय. रिपोर्ट अजून आलेला नाही. तोवर बाळाला दर अडीच तासांनी पाजायचं, झोपेतून उठवून पाजायचं. तिने मोबाइलवर गजर लावून मला दाखवले. रात्रीसाठी चार गजर.