घर मिळालं, मग आता समुपदेशन कशाला?

अमेरिकेतल्या, एकेकाळी बेघर असलेल्या माजी सैनिकांना नोकरी-शिक्षणाचा सल्ला देण्याचं काम करतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: डोक्यावर छप्पर आलं की या माणसांना पगाराचीच धास्ती वाटते, आणि ती रास्त असते.

हड-व्हॅश, म्हणजे बेघर माजी सैनिकांना घरभाड्यासाठी मदत देणारी सरकारी योजना; तिच्या व्हाउचरवर राहणारा साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं भरतो. पगार सुरू झाला की भाडं चढतं. त्यात अपंगत्वाचा सरकारी भत्ता बंद झाला तर पुन्हा रस्ता, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. म्हणून पहिल्या भेटीत बायोडेटा काढूच नये. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे आजची आवक, भाडं, औषधं, बसभाडं. उजवीकडे पगार धरून तेच आकडे. त्यानेच लिहावेत, घाई करू नये.

इथे एक चूक फार महागात पडते. एसएसडीआय, म्हणजे सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व विमा, घेणाऱ्याला कामाच्या चाचणीसाठी ९ महिने मिळतात. कमाई कळवली तर तेवढा काळ भत्ता पूर्ण मिळतो. एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या अपंग आणि वृद्धांना मिळणारा भत्ता, त्याला ही सवलत नाही; तिथे कमाई वाढेल तसा भत्ता घटतो. दोन्ही एकच समजून सल्ला दिला की सरकारकडून वसुलीचं पत्र येतं, आणि माणूस पुन्हा आपल्या दारात येत नाही.

शिकायचं असेल तर ९/११ नंतरच्या सेवेवरचं जीआय बिल, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणारी सरकारी योजना आहे, पूर्ण हक्क असेल तर ३६ महिन्यांची. त्याचा घरभत्ता अर्ध्याहून जास्त अभ्यासभार असेल तरच मिळतो. पदवीला सत्रात १२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) म्हणजे पूर्ण भार धरला, तर ६ घेणाऱ्याला घरभत्ता शून्य, ७ घेणाऱ्याला ६० टक्के. झोप उडालेल्या, गर्दीत बसवत नसलेल्या माणसाला पहिल्या सत्रात आम्ही ७च सुचवतो. मात्र त्यातला एक विषय मध्येच सोडला तरी भत्ता तुटतो आणि आधी मिळालेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. सोडण्याआधी फोन कर, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

आणि कॉलेजचं कॅलेंडर भिंतीवर लावावं. सुट्टीचा घरभत्ता मिळत नाही, आणि पैसे महिना संपल्यावर येतात. सत्र १५ डिसेंबरला संपलं तर जानेवारीच्या सुरुवातीला अर्ध्याच महिन्याचे हातात पडतात, आणि घरमालकाला भाडं पूर्ण हवं असतं. ती तूट ऑगस्टपासूनच थोडी थोडी बाजूला काढायला लावतो.