घरचा सर्व्हर, नोंद ७ : सोन्यातून चकल्या

"पीठ मळून झाल्यावर सोन्यातून चकल्या पाडाव्यात."

गेल्या शनिवारी माझ्या सर्व्हरने आईला हे वाक्य दाखवलं. तिने चष्मा पुसून परत वाचलं आणि म्हणाली, "तेव्हा स्वस्ताई होती म्हणतात, ती एवढी होती होय!"

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की घरातल्या ट्रंकेतल्या सगळ्या जुन्या कात्रणांचं ओसीआर (म्हणजे पानाच्या चित्रातून यंत्राने मजकूर वाचणं) झालं, आता फक्त शोधायची खिडकी लावायची, दोन संध्याकाळचं काम. (तोऱ्यात हा शब्द यंत्र 'तोन्यात' असा वाचतं. ते पुढे येईलच.) दोन संध्याकाळचे पाच आठवडे झाले. बरंचसं आता जमलंय, म्हणून ही नोंद.

आधी यंत्राची खबरबात. टी४२०, म्हणजे सर्व्हर म्हणून राबणारा माझा जुना थिंकपॅड लॅपटॉप, अजून ठणठणीत आहे. डेबियन लिनक्सच्या बुकवर्म (१२) आवृत्तीवरून ट्रिक्सीवर (१३) गेलो आणि पहिल्याच रात्री तोंडावर आपटलो. पीडीएफची पानं सोडवणारी माझी स्क्रिप्ट सगळा पसारा /टीएमपी या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरात टाकते. वर्षानुवर्षं टाकत आलीय. डेबियन १३ पासून /टीएमपी डिस्कवर नसून मेमरीत असतं, आणि जास्तीत जास्त निम्मी मेमरी घेतं. ३०० डीपीआयला रंगीत ए-फोर पान म्हणजे न दाबलेल्या स्वरूपात साधारण २५ एमबी. माझ्याकडे मेमरी ८ जीबी. दीडशेच्या आसपास पानं झाली की डबा भरला, काम बंद. मी मात्र डिस्क गेली समजून रात्री दीडपर्यंत तिच्या तपासण्या करत बसलो. प्रकाशनासोबतच्या टिपणात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. वाचतो कोण! तात्पुरत्या फायलींचा पत्ता डिस्कवर वळवला आणि विषय संपला.

एक बारीकसा आनंदही सांगून टाकतो. टेसरॅक्ट (ओसीआर करतं ते हेच) एका पानासाठी प्रोसेसरचे सगळे कोअर वापरायला बघतं आणि त्यात एकमेकांच्या पायात पाय अडकतात. ओएमपी थ्रेड लिमिट हे त्याला आवर घालणारं सेटिंग १ वर ठेवायचं आणि चार पानं शेजारी शेजारी चालवायची. पूर्वी रात्रभर चालणारं काम आता जेवण आणि शतपावली होईपर्यंत उरकतं. चौदा वर्षांच्या प्रोसेसरकडून, ज्याच्यात आकडेमोड भराभर उरकणारी एव्हीएक्स२ ही सोयसुद्धा नाही, आणखी काय हवं?

आता मूळ दुखणं. आईने खिडकीत पहिला शब्द टाकला 'पुरी'. उत्तरात आलं पेरूचं पंचामृत, साखरेचा पाक धरल्यावर पारा किती चढू द्यावा याची टीप, आणि कुठल्याशा कथेतल्या दोन पोरी. मला वाटलं, ओसीआरने घाण केली. ओसीआर यात निर्दोष होतं. दोष एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ नावाच्या शोधयंत्रणेचा, म्हणजे खरं तर तिची कागदपत्रं अर्धवट वाचणाऱ्याचा. तिचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. युनिकोडच्या (जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) वर्गवारीत आपल्या काना-मात्रा-वेलांट्या 'अक्षर' नाहीत, 'चिन्ह' आहेत. म्हणून त्याच्या लेखी उकार म्हणजे शब्दामधली मोकळी जागा! 'पुरी'चे झाले दोन तुकडे, प आणि र. पेरूचेही तेच, पाऱ्याचेही तेच. मराठी, मराठा, मराठे हे तिघेही त्याला एकच. टेबल बनवताना वर्गांच्या यादीत एमएन आणि एमसी हे चिन्हांचे दोन वर्ग वाढवले की काना-मात्रा शब्दातच राहतात. एका ओळीचा बदल. सापडायला तीन संध्याकाळी गेल्या.

पेरू गेले. मग आईने टाकलं 'पुऱ्या'. एकही निकाल नाही. तोच शब्द मी माझ्या कीबोर्डवरून टाकला, तर चार कात्रणं हजर. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. हेक्सडंप काढला, म्हणजे अक्षरांमागचे क्रमांक पाहिले, तेव्हा प्रकाश पडला. मी इन्स्क्रिप्ट या सरकारी कीबोर्ड-मांडणीवाला. शिफ्ट-जे, मग डी, मग य. म्हणजे 'ऱ' (०९३१), हलन्त, 'य'. आईच्या फोनवरचा कीबोर्ड साधा 'र' (०९३०), हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक (२००डी) टाकतो. डोळ्याला दोन्हीकडे तोच अर्धा चंद्र, यंत्राला दोन वेगळे शब्द. त्यात हा जोडक एमएनमध्येही बसत नाही आणि एमसीमध्येही नाही, म्हणजे तिथे शब्द पुन्हा मोडतो.

हा घोळ कुणा एकाच्या चुकीचा नाही. भारतीय लिप्यांच्या जुन्या इस्की मानकात (आयएस १३१९४, साल १९९१) हा र 'ऱ'ला हलन्त लावून लिहायचा असं ठरलं होतं, युनिकोडने ते उचललं. जोडकाची रीत युनिकोड २.० च्या काळातली, तीही सुसंगतीसाठी जिवंत ठेवली. दोन्ही वैध. तिसरी तऱ्हा म्हणजे साधा र, त्याला नुक्ता (खालचा टिंब), मग हलन्त. माझ्या जुन्या फॉन्ट बदलणाऱ्या स्क्रिप्टने काही फायलींत तेही करून ठेवलं होतं. एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एक करणारा युनिकोडचा नियम) केलं की नुक्तावाला आपोआप 'ऱ' होतो. जोडकवाल्याला एनएफसी हातही लावत नाही. तो स्वतः बदलायचा: र, हलन्त, जोडक दिसलं की ऱ, हलन्त. साठवताना हाच नियम, शोधताना हाच नियम. ज्यांनी मराठी शोध लिहिलाय आणि हे केलेलं नाही, त्यांनी आपल्या डब्यात एकदा 'दुसऱ्या' दोन्ही तऱ्हेने शोधून पाहावं. आकडे जुळणार नाहीत.

एक सावधगिरी. जोडक नसलेल्या 'र्य'ला हात लावायचा नाही. दर्या आणि दऱ्या, आचार्यांना आणि आचाऱ्यांना या जोड्या आपण शाळेत हसत हसत शिकलो. इथे नियम जरा सैल ठेवला तर सूर्याचा 'सूऱ्य' होतो.

इथवर मी खूश होतो. पण 'सोऱ्या' शोधला तर शून्य. तीन तरी चकल्यांची कात्रणं ट्रंकेत आहेत हे आईला पाठ. मग तिने 'चकली' शोधलं आणि ते सुवर्णवाक्य वर आलं.

जुन्या शिशाच्या टाइपात हा अर्धा चंद्र बारीक आणि बसका असतो, शाई पसरली की त्याचं टोक पुढच्या य ला जाऊन चिकटतं, आणि टेसरॅक्टला तो अर्धा न दिसतो. मग दुसऱ्या चे 'दुसन्या', कैऱ्या च्या 'कैन्या', वऱ्हाडी चं 'वन्हाडी'. खतांच्या एका जाहिरातीत शेतकऱ्यांनो चं 'शेतकन्यांनो' झालं, ते तर काव्यच. आणि स्वयंपाकाच्या मजकुरात हे अक्षर किती यावं! पुऱ्या, भाकऱ्या, साटोऱ्या, करंजीच्या पाऱ्या, कोऱ्या फडक्यावर वाळत घाला... ट्रंकेतल्या मजकुराचा अर्धा जीव त्या अर्ध्या चंद्रात आहे.

रात्री बाराला सुचणारा उपाय मलाही सुचला. सगळे 'न्य' आणि 'न्ह' सरसकट बदलून टाकले. सकाळी पाहतो तो 'पुऱ्हा एकदा चाळून घ्या', 'उऱ्हात वाळवा' आणि 'धाऱ्य निवडून'. फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारं गिट होतं म्हणून वाचलो. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचं कर्नेल सांभाळायला २००५ मध्ये ते लिहिलं. चकल्या सांभाळायलाही ते तितकंच चालतं.

मग शहाण्यासारखं केलं. मराठी विकिपीडियाचा डंप (सगळ्या मजकुराची एकगठ्ठा प्रत) उतरवला आणि त्यातून शब्दांची यादी वारंवारितेसकट काढली (तिथेही ऱ दोन्ही तऱ्हांनी, म्हणजे आधी वरचा नियम लावूनच). 'न्य'वाला शब्द यादीत नसेल आणि 'ऱ्य'वाला असेल, तर बदल. चाललं, पण लंगडत. कारण मराठी शब्दाला शेपटी लावायला थांबतच नाही. 'तळणाऱ्यांसाठीसुद्धा' कुठल्या यादीत सापडणार? उलगडा आंघोळ करताना झाला. शेपटी सोडा, मधला भाग पकडा. '-णारा'चं सामान्यरूप '-णाऱ्या', आणि 'णान्य' ही अक्षरं ओळीने येणारा खरा मराठी शब्द मला आजवर आठवलेला नाही. मग 'णान्य' दिसलं की डोळे मिटून 'णाऱ्य'. या एका नियमाने अजून न सुटलेल्या शब्दांची यादी एका रात्रीत निम्म्याच्या खाली आली. कुणाला 'णान्य'चा खरा शब्द माहीत असेल तर जरूर सांगा. वाईट वाटेल, पण सांगा.

मधल्या काळात एक आडवाट करून आलो. सगळे म्हणत होते, एआयला दे, दोन मिनिटांत होईल. एका सेवेला चकलीचं पान दिलं. सोऱ्या अगदी बरोबर ओळखला, मान्य. र्‍हस्व-दीर्घही सुधारून दिलं, न मागता. आणि 'पाव शेर डाळ' होती तिथे 'पाव किलो डाळ' लिहून ठेवली. शेर म्हणजे ९३३ ग्रॅमच्या आसपास, पाव शेर सुमारे २३३. सतरा ग्रॅमने चकली बिघडत नाही हे मलाही कळतं. पण टेसरॅक्ट चुकतं तेव्हा चूक दात काढून समोर उभी राहते, सोन्यातून चकल्या पाडते; इथली चूक इस्त्री करून, भांग पाडून ओळीत बसलेली. मूळ पान शेजारी नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. नक्कल उतरवायला बसवलेल्या कारकुनाने मजकूर सुधारू नये, एवढी साधी अपेक्षा आहे. शिवाय ते का चुकतं, हे उघडून बघायला आत वाट नाही. एफटीएस५ ने माझ्या तीन संध्याकाळी खाल्ल्या खऱ्या, पण शेवटी कोणत्या फायलीत कोणती यादी आहे हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

उरले ते शब्द, ज्यांची दोन्ही रूपं खरी आहेत. सोन्या आणि सोऱ्या. सुन्या आणि सुऱ्या. यांना यादीही सोडवत नाही. त्यांची वेगळी फाइल केली, प्रत्येकासमोर पानाचा तेवढाच तुकडा चित्र म्हणून. निवाडा माणसाने करायचा.

नवा स्कॅनर घ्यायचा बेत मागच्या नोंदीत होता. तो रद्द. (एका दुकानदाराने 'लिनक्सवर हमखास चालतो' म्हणून जो गळ्यात मारायचा घाट घातला होता, तो सेनच्या (लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या प्रकल्पाच्या) यादीत 'असमर्थित' निघाला. विकत घेण्याआधी यादी पाहा, दुकानदाराचा चेहरा नको.) मेमरीची जादा पट्टी मात्र फुकट मिळाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यावर आमच्या सोसायटीत धडधाकट लॅपटॉप भंगाराच्या ढिगात दिसायला लागले, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही एवढाच त्यांचा गुन्हा. खालच्या मजल्यावरच्या काकांना एकावर लिनक्स मिंट बसवून दिलं. 'कुठली डिस्ट्रो (लिनक्सची जात) चांगली' या वादात मी हल्ली पडत नाही. काकांनी पहिल्या दिवशी विचारलं ते एवढंच, की पत्त्यांचा खेळ कुठे आहे.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचा बेतच बदलला. चुका झाल्यावर मी निस्तरत बसलोय, पण मुळात टेसरॅक्टलाच तो चंद्र शिकवला तर? डेबियनमधलं मराठी मॉडेल 'फास्ट' जातीचं, पूर्णांकांत दाबलेलं. त्याच्यावर पुढचं शिक्षण होत नाही. 'बेस्ट' जातीचं उतरवून घ्यावं लागतं. आणि निवाड्याच्या फाइलमुळे माझ्याकडे आपसूकच पानांचे तुकडे आणि त्यांची बरोबर उत्तरं जमली आहेत. म्हणजे धडे तयार! टेसरॅक्टला शिकवणाऱ्या टेसट्रेनला शब्दाऐवजी अख्ख्या ओळी लागतात, त्यामुळे कापणीची स्क्रिप्ट बदलायला घेतली आहे. १९६० च्या आधीच्या शिशाच्या टाइपातली छपाई कुणाकडे असेल आणि त्यात 'ऱ्य', 'ऱ्ह' सापडत असतील, तर ३०० डीपीआयला स्कॅन करून ठेवा. लागतील.

निवाड्याची फाइल छापून आईला दिली होती. आज तिने ती परत केली, पेन्सिलीने खुणा करून. सोन्या-सोऱ्या सगळे बरोबर लावलेत. पण 'करंजीच्या पाऱ्या पातळ लाटाव्यात' या ओळीसमोर तिने शब्दाला हात न लावता लिहिलंय: 'पातळ नको. फुटतात.' खाली अनारशांच्या एका ओळीवर: 'हे माझ्या आईचं नाही, शेजारच्या वहिनींचं.'

हे कुठे ठेवायचं? टेबलात त्यासाठी रकानाच नाही. ओळींची कापणी आता पुढच्या आठवड्यात; आधी रकाना.